दाल, ये, नून

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. सप्टेंबर उजाडला की आमच्या वर्गांतल्या मुली रंगीत कार्डशीटचे फलक करायला बसतात आणि दरवर्षी एखाद्या तरी फलकावर मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘शिक्षक दीन’. जानेवारीत ‘प्रजासत्ताक दीन’ होतो, 1 मे रोजी ‘महाराष्ट्र दीन’. वेलांटी पहिली असावी तिथे दुसरी पडते आणि अख्खं राज्य केविलवाणं होऊन बसतं. स्टाफरूममध्ये आम्ही हसतो. पगार लांबला असेल तर कुणीतरी म्हणतं, राहू द्या, यावेळी पोरींनी बरोबरच लिहिलंय.

ऱ्हस्व-दीर्घाची ही गडबड सगळीच मराठी मुलं करतात. पण आमच्या मुलींच्या बाबतीत त्याला आणखी एक कारण आहे. ‘दीन’ हा शब्द त्यांच्या कानावर मराठीच्या कितीतरी आधी पडलेला असतो. चौथ्या-पाचव्या वर्षी मकतबमध्ये जायला लागल्यापासून ‘दीन की बातें’, ‘दीनी तालीम’, ‘दीनदार घराना’ असंच त्या ऐकत असतात. दीन म्हणजे धर्म, अल्लाहने दाखवलेली जगण्याची वाट. मग मराठीच्या तासाला तोच आवाज समोर आला की हात ओळखीच्या वाटेने जातो.

एकदा आठवीच्या वर्गात महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीविषयी सांगत होते. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात सुरू केलेल्या वृत्तपत्राचं नाव मी फळ्यावर लिहिलं, ‘दीनबंधू’. पुढे हेच पत्र नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालवलं आणि त्यातून गिरणी कामगारांची दुःखं मांडली. मागच्या बाकावरून हात वर झाला. “टीचर, दीनबंधू बोलेतो दीनी भाई ना?”

वर्गात कुणी हसलं नाही, कारण बहुतेकींना तेच वाटलं होतं. मी त्यांना सांगितलं, मराठीतला हा ‘दीन’ संस्कृतातून आला. दीन म्हणजे गरीब, दुबळा, ज्याला कुणाचा आधार नाही असा. दीनदुबळे, दीनवाणा चेहरा, दीनानाथ हे सगळे शब्द त्याचेच. त्यावरूनच ‘दैन्य’ हा शब्द होतो. दीनबंधू म्हणजे गरिबांचा भाऊ. मुली क्षणभर गप्प झाल्या. मग तीच मुलगी म्हणाली, “पण टीचर, दीनी भाई पण गरिबांचा भाऊच पाहिजे ना?” तिच्या त्या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडलं नाही.

उलट बाजूचा अनुभवही मला आहे. एका प्रशिक्षणवर्गात शेजारी बसलेल्या मराठी शाळेतल्या ताईंनी मला अगदी मोकळेपणाने विचारलं, “तुमच्याकडे निजामुद्दीन, शमसुद्दीन, नसीरुद्दीन अशी नावं असतात. एवढ्या रुबाबदार नावाच्या शेवटी ‘दीन’ कशाला हो?” मी त्यांना समजावलं की शमसुद्दीन म्हणजे दीनचा सूर्य, धर्माचा सूर्य. त्या म्हणाल्या, “अगंबाई, मी इतकी वर्षं समजत होते, नम्रपणाने लावतात.” मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. लहानपणी ऐतिहासिक कादंबऱ्यांत लढाईच्या वर्णनात ‘दीन दीन’ अशी आरोळी वाचली, तेव्हापासून तो शब्द त्यांना भीतीचाच वाटत आला होता. शाळेच्या इतिहासात अकबराचा ‘दीन-ए-इलाही’ होता, पण तो परीक्षेपुरता. म्हणजे एकाच गावात राहून आमच्या मुलींना दीनबंधू परका आणि ताईंना आमचा दीन परका. दोन्हींत अक्षरं मात्र तीच.

हा शब्द पुढे शोधत गेले तेव्हा कळलं, त्याची नातीगोती फार दूरवर पसरली आहेत.

अरबीत ‘दीन’च्या मुळाशी निवाडा, हिशेब, मोबदला असे अर्थ आहेत. दररोजच्या नमाजमध्ये प्रत्येक रकअतीत आपण सूरह फातिहा म्हणतो, तिथे ‘यौमुद्दीन’चा उल्लेख येतो. तो ‘धर्माचा दिवस’ नव्हे, निवाड्याचा दिवस. सूरह यूसुफमध्ये राजाचा ‘दीन’ असा शब्द येतो, तिथे त्याचा अर्थ राजाचा कायदा. अरबीची बहीण असलेल्या हिब्रूतही ‘दीन’ म्हणजे न्यायनिवाडाच. यहुदी लोकांच्या धार्मिक न्यायालयाला ‘बेथ दीन’ म्हणतात, न्यायाधीशाला ‘दयान’, आणि निवाड्याच्या दिवसाला ‘योम हदीन’. यौमुद्दीन आणि योम हदीन हे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहा. आपल्या कोकणात शतकानुशतकं मराठी बोलत आलेल्या बेने इस्रायल समाजाची धर्मभाषा हिब्रूच. रायगडकडच्या एखाद्या गावात मशिदीतला आणि सिनेगॉगमधला माणूस घरी मराठी बोलत होता आणि प्रार्थनेत जवळजवळ एकाच शब्दाने हिशेबाच्या दिवसाची आठवण ठेवत होता.

इराणकडे वळलं की हाच आवाज वेगळ्या मुळातून येतो. पारशी लोकांच्या जुन्या अवेस्ता भाषेत ‘दएना’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ धर्म, आणि माणसाचं अंतर्मन किंवा सदसद्विवेकही. पुढे त्याचाच फारसीत ‘दीन’ झाला. पारशी पंचांगात महिन्याच्या तिसही दिवसांना नावं आहेत, त्यांतला 24 वा दिवस ‘दीन’चा. मृत्यूनंतर चौथ्या पहाटे माणसाच्या आत्म्याला त्याची दएना भेटायला येते, अशी त्यांची श्रद्धा आहे. आयुष्य भलेपणात गेलं असेल तर ती सुंदर तरुणीच्या रूपात येते, वाईट कामांत गेलं असेल तर कुरूप स्त्रीच्या रूपात. आपला दीन म्हणजे आपणच घडवलेला चेहरा, ही कल्पना मला फार बोलकी वाटते.

विलायतेत गेल्यावर तर याच आवाजाची गंमतच होते. 1794 साली इंग्रजीत पुस्तक लिहिणारे आणि 1810 साली लंडनमध्ये हिंदुस्तानी खाण्याचं कॉफी हाऊस काढणारे पाटण्याचे शेख दीन मुहम्मद तिथे ‘डीन महोमेट’ झाले. इंग्रजीत ‘डीन’ म्हणजे चर्चमधला किंवा कॉलेजातला एक अधिकारी. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात पेशंटचे नातेवाईक ज्यांच्या केबिनबाहेर ताटकळतात, तेच ते डीन. तो शब्द लॅटिनमधून आला, मुळात दहा जणांवरचा प्रमुख. आणि इंग्रजीत ऱ्हस्व ‘डिन’ म्हणजे नुसता गोंगाट.

इथपर्यंत सगळं मौजेचं होतं. पण या शब्दाची मला खरी गाठ पडली ती घरात, निकाहनाम्याच्या कागदावर.

उर्दू लिपी जाणणाऱ्यांना माहीत आहे की आपण रोजच्या लिखाणात जेर-जबर देत नाही. त्यामुळे दाल, ये, नून ही तीन अक्षरं एकत्र लिहिली की ती तीन प्रकारे वाचता येतात. दालखाली जेर धरला तर ‘दीन’, म्हणजे धर्म. ‘देन’ वाचलं तर देणगी, जसं आपण म्हणतो, औलाद अल्लाह की देन है. आणि दालवर जबर धरला तर ‘दैन’, म्हणजे कर्ज, देणं. अरबीत दीन आणि दैन एकाच धातूतून निघालेले मानले जातात. ज्याचा हिशेब द्यायचा आहे, जे आपल्या अंगावर आहे, तो अर्थ दोन्हींत आहे.

कर्जाची जवळजवळ सगळी भाषा मराठीने अरबी-फारसीतून घेतली. कर्ज, रक्कम, हिशेब, वसूल, तगादा, जामीन, हप्ता, जप्ती, दस्तऐवज हे शब्द आपण मराठी समजूनच वापरतो. ‘दैन’ मात्र मराठीत आला नाही. कर्ज आणि दैन यांत फरकही आहे. कर्ज म्हणजे उसना घेतलेला पैसा. दैन त्याहून व्यापक. माल घेतला आणि किंमत द्यायची राहिली, तेही दैन. आणि निकाह झाला आणि मेहर द्यायचा राहिला, तेही दैन.

आपल्याकडे निकाह लावताना काजीसाहेब जे म्हणतात ते नीट ऐकलं आहे का? ‘दैन-ए-मेहर’ इतके रुपये, असा शब्द त्यात येतो. कागदावर तेच तीन अक्षरांत असतं. मागे एका लग्नात नवऱ्या मुलाच्या चुलतभावाने निकाहनामा हातात घेऊन मोठ्याने वाचला, ‘दीन मेहर’. कुणी टोकलं नाही. ‘दीन मेहर’ म्हणजे धर्माचा मेहर, एक धार्मिक रीत, असंच साऱ्यांना वाटलं असणार. दैन वाचलं असतं तर अर्थ सरळ होता. नवऱ्या मुलाने या क्षणापासून आपल्या बायकोचं इतकं देणं अंगावर घेतलं आहे.

त्याच कागदावर आणखी एक जोडी असते. मेहर ‘मुअज्जल’. ऐन घालून लिहिला तर लगेच द्यायचा, हमजा घालून लिहिला तर पुढे, मुदतीने द्यायचा. आपल्या बोलण्यात दोन्हींचा उच्चार सारखाच. अर्थ मात्र नेमका उलटा. मी मुलींना एकेका वेलांटीसाठी गुण कापते. इथे एका अक्षराने बाईचा हक्क आजचा की उद्याचा ते ठरतं, आणि तो ‘उद्या’ बहुतेक घरांत येतच नाही.

माझ्या खालाजानचा निकाह 1975 सालचा. मेहर 1,001 रुपये. तेव्हा त्या पैशांत दीड तोळ्याच्या वर सोनं आलं असतं. खालूजान स्वभावाने भले होते, पण मेहरचा विषय त्या घरात कधी निघालाच नाही. ते वारले तेव्हा मी तिथे होते. मय्यत घरातून उचलायच्या आधी दोन-तीन वयस्कर बायका खालाजानच्या जवळ आल्या. एक म्हणाली, “मेहर माफ करी बोल दे, उनके ऊपर बोझ नको रहना.” खालाजानला त्या घडीला स्वतःचं नावही धड आठवत नव्हतं. तिने मान हलवली. दुसरी म्हणाली, “मुँह से बोल.” खालाजान म्हणाली, “माफ करी.” मग जनाजा उचलला गेला.

काही वर्षांनी मुलांनी घर विकलं आणि वाटण्या केल्या. खालूजानची बायको म्हणून तिचा आठवा हिस्सा तिला मिळाला, त्यात कुणी लबाडी केली नाही. पण वाटण्यांच्या आधी काय द्यायचं राहिलं आहे, हे कुणी विचारलं नाही. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से सांगताना पुन्हा पुन्हा बजावलं आहे की आधी मृत्युपत्रातली गोष्ट आणि दैन चुकतं करायचं, मग हिस्से. मी एकदा धीर करून तिला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मैं कहाँ माफ करी बेटा, सब मिलके मेरे मुँह से बुलवाए.”

त्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांच्या मनात मेलेल्या माणसाची काळजी होती आणि ती काळजी खोटी नव्हती. पैगंबर (स.) जनाजाची नमाज पढवण्यापूर्वी विचारत, याच्यावर काही कर्ज आहे का? एकदा कर्ज निघालं तेव्हा त्यांनी स्वतः नमाज पढवायला नकार दिला. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतलं, तेव्हाच पढवली. त्या बायकांना ओझं कळत होतं. पण ते उतरवायचा सरळ रस्ता पैसे देण्याचा आहे, आणि पैसे द्यायला चार मुलगे तिथे उभे होते. ते सोडून सगळ्यांनी ते ओझं उचलून त्या बाईच्या जिभेवर ठेवलं.

माफ करायला मनाई नाही. सूरह निसाच्या सुरुवातीलाच मेहर खुशीने देण्याचा हुकूम आहे, आणि बायकोने आपल्या राजीखुशीने त्यातलं काही सोडलं तर ते घ्यायला हरकत नाही, असंही आहे. सगळी गोष्ट त्या राजीखुशीपाशी येऊन थांबते. आपल्या देशातला कायदाही याहून वेगळं सांगत नाही. न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज मानलं जातं आणि तो वारल्यावर त्याच्या मालमत्तेतून ते मागता येतं. 1916 साली प्रिव्ही कौन्सिलने हमीरा बीबी विरुद्ध जुबैदा बीबी या खटल्यात विधवेचा हा हक्क ठळकपणे मान्य केला. आणि सुमारे शंभर वर्षांपूर्वी कलकत्ता उच्च न्यायालयाने असाही निर्वाळा दिला की नवऱ्याच्या मृत्यूच्या दुःखात बुडालेल्या बाईकडून घेतलेली माफी तिला बांधून ठेवू शकत नाही. मय्यतीजवळ ‘माफ करी’ म्हणवून घेणाऱ्या आपल्या घरांपर्यंत तो निकाल अजून पोहोचलेला नाही.

देण्याघेण्याच्या बाबतीत आपली किताब किती काटेकोर आहे, याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो. कुरआनातली सगळ्यांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे. ती नमाजविषयी नाही, रोजाविषयी नाही. ती दैनविषयी आहे. मुदतीचं देणं असेल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. लेन-देनच्या कागदाला दीनमध्ये इतकी जागा आहे.

आणि आता आठवीतल्या त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. दीनी भाई गरिबांचा भाऊच पाहिजे ना, असं ती म्हणाली होती. संस्कृत ‘दीन’ आणि अरबी ‘दीन’ यांचं रक्ताचं नातं नाही. दोघांचा आवाज एक झाला हा निव्वळ योगायोग. भाषेच्या शिक्षिकेने यापलीकडे काही सांगू नये. पण सूरह माऊन वाचताना हे दोन अनोळखी शब्द मला एकाच ओळीत उभे दिसतात. सात छोट्या आयतींची ही सूरह आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. तिची सुरुवात एका प्रश्नाने होते, दीनला खोटं ठरवणारा माणूस कोण? इथे दीनचा अर्थ कुणी धर्म घेतात, कुणी निवाड्याचा दिवस. उत्तरात नमाज न पढणारा, कलमा नाकारणारा असा माणूस पहिल्यांदा येत नाही. पहिल्यांदा येतो तो अनाथाला धक्के देऊन हाकलणारा आणि गरिबाला जेवू घालण्याचा आग्रह न धरणारा. म्हणजे अरबीतला दीन कुणी नाकारला हे ओळखायची खूण काय, तर मराठीतल्या दीनाशी तो कसा वागला. पुढे गाफीलपणे आणि दिखाव्यासाठी नमाज पढणाऱ्यांना ताकीद आहे आणि शेवटी ‘माऊन’ अडवून ठेवणाऱ्यांना. माऊन म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्याला द्यायच्या रोजच्या वापरातल्या साध्या वस्तू. भांडं, कुऱ्हाड, चिमूटभर मीठ.

त्या मुलीला मी पुढच्या तासाला सांगितलं की तिने अर्थ चुकीचा लावला होता आणि तरी तिचं म्हणणं बरोबर होतं. तिने वहीत ‘दीनबंधू’च्या खाली दोन अर्थ लिहून घेतले, एक मराठीत, एक उर्दूत.

दीन, दैन आणि दीन. धर्म, देणं आणि दुबळा. घराघरांत हे तिन्ही एकत्र भेटतात ती जागा बहुतेक वेळा बाईची असते. जिचं दैन द्यायचं राहिलं, तीच नवरा गेल्यावर दीन होते, आणि आपण म्हणतो, आमचं घराणं दीनदार आहे.

खालाजान आज आपल्यात नाही. तिच्या धाकट्या मुलाला मी ही सगळी गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला. आठ दिवसांनी तो आणि त्याची बायको आमच्याकडे आले तेव्हा तिच्या हातात दोन नव्या बांगड्या होत्या. “आपा, इनका निकाह का मेहर है, चौदह साल का बाकी था,” तो म्हणाला. ती काही बोलली नाही, पण चहा पिताना बांगड्यांकडे दोनदा बघितलं तिने.

वाचक भगिनींनो आणि भावांनो, घरातल्या कपाटात लग्नाच्या अल्बमखाली, रेशनकार्डाच्या पिशवीत कुठेतरी आपला निकाहनामा असेल. तो एकदा काढून वाचा. मेहरची रक्कम किती, ऐनचा मुअज्जल आहे की हमजाचा, आणि किती दिला, किती राहिला, ते पाहा. घरात मुलाचा निकाह ठरला असेल तर झेपेल तेवढाच मेहर ठरवा आणि शक्य तर त्याच बैठकीत द्या. आमच्या मोहल्ल्यातल्या काजीसाहेबांना मी विनंती केली होती की निकाह लावताना त्या शब्दाचा अर्थही सांगत जावा. छापील फॉर्म बदलणं त्यांच्या हातात नाही. पण आता ते पेनाने दालवर एक जबर काढतात आणि नवऱ्या मुलाला विचारतात, “बेटा, ये दैन है, समझे? देना है.”